कॅमेऱ्यांची संख्या आणि फुटेजचे दिवस

201 दिवस. परभणीत 15 डिसेंबर 2024 रोजी 35 वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्याच्या आईच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी दिला. या दोन तारखांमधले हे अंतर. राज्य सरकार आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तिथेही त्याला दिलासा मिळाला नाही. तेव्हा आकडा 227 झाला होता.

या प्रकरणात सीसीटीव्हीचा उल्लेख पाचव्या दिवशीच झाला. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे नोंदले गेले होते. 20 डिसेंबरला नागपूर अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी कोठडीच्या फुटेजमध्ये मारहाण दिसत नसल्याचे सभागृहाला सांगितले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. अशा वादात आधी ठरतो तो प्रश्न साधा आहे: न्यायालयाचा आदेश येईपर्यंत फुटेज शिल्लक राहण्याची मुदत नियमात आहे का?

नियम 2 डिसेंबर 2020 चा आहे. परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे, रात्रीही दिसेल असे कॅमेरे बसवायला सांगितले. आत-बाहेर जाण्याची दारे, कोठड्या, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, सगळे त्यात आले. मुदतीबाबत मात्र एकाच निकालात तीन आकडे आहेत. फुटेज 18 महिने ठेवावे. तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर मिळेल तितकी जास्त, पण 1 वर्षापेक्षा कमी नाही. आणि ठाण्याच्या दर्शनी भागात जो फलक लावायचा, त्यावर फुटेज किमान 6 महिने जपले जाते असे लिहावे.

परभणीच्या तारखा या तीन आकड्यांवर ठेवून पाहा. 18 महिन्यांची मुदत 15 जून 2026 ला संपते, वर्षाची 15 डिसेंबर 2025 ला. फलकावरची 6 महिन्यांची मुदत 15 जून 2025 ला संपली, उच्च न्यायालयाच्या आदेशाच्या 19 दिवस आधी. फलक वाचून मुदत समजून घेणाऱ्या नातेवाइकाला मिळणारी माहिती आणि यंत्रणेवरचे बंधन यांत वर्षभराचा फरक आहे.

18 महिन्यांना विरोध होतो तो खर्चाच्या अंगाने, आणि तो हिशेब कागदावर मांडता येतो. एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट दराने चित्रीकरण करतो असे धरले तर दिवसाला 21.6 गीगाबाइट होतात. 11 कॅमेऱ्यांच्या ठाण्यात 30 दिवसांचे फुटेज सुमारे 7.1 टेराबाइट, म्हणजे 8 टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कवर मावते. वर्षभरासाठी अशा 11 डिस्क लागतात, 18 महिन्यांसाठी 17. एका ठाण्यामागे 16 जादा डिस्क ही या नियमाची किंमत.

11 हा आकडा मनाने घेतलेला नाही. 2022 च्या सुरुवातीला राज्य सरकारने उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार राज्यातल्या 1,089 ठाण्यांपैकी 547 मध्ये 6,092 कॅमेरे बसले होते, म्हणजे ठाण्यामागे सरासरी 11. त्यांतले 5,639 चालू होते आणि 453 बंद, म्हणजे 7.4 टक्के. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाला तेव्हा वर्ष उलटून गेले होते आणि काम निम्म्यावर आले होते. दर 13-14 कॅमेऱ्यांमागे एक बंद हे प्रमाण वरकरणी सोसण्यासारखे वाटते. पण बंद असलेला कॅमेरा फाटकाचा आहे की कोठडीचा, हे सरासरी सांगत नाही.

ते सांगण्याचे काम 2020 च्या निकालातल्या जिल्हास्तरीय देखरेख समितीचे. तिचे सदस्य चार: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्ष. समितीने ठाणे प्रभारींकडून बिघाडांची माहिती घ्यायची, तक्रार आलेली नसली तरी फुटेज तपासायचे आणि दरमहा राज्यस्तरीय समितीला अहवाल पाठवायचा. आदेशापासून परभणीच्या घटनेपर्यंत 48 महिने झाले. या हिशेबाने प्रत्येक जिल्ह्याकडून 48 अहवाल अपेक्षित होते. ते जनतेसमोर ठेवण्याचे बंधन निकालात नाही.

चार सदस्यांपैकी तीन अधिकारी, एक लोकनियुक्त. तीन अधिकाऱ्यांपैकी एक अधीक्षक, म्हणजे ज्यांच्या ठाण्यांवर नजर ठेवायची त्यांचे प्रमुख. रचना नाजूक आहे. एका खुर्चीने तिचा तोल जातो. परभणीत तेच झाले. 2017 मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि महापालिकेची मे 2022 मध्ये. दोन्हीकडे प्रशासक आले. डिसेंबर 2024 मध्ये परभणीला महापौर नव्हता आणि जिल्हा परिषदेला अध्यक्ष नव्हता. चौथ्या खुर्चीवर बसू शकेल असा एकही लोकनियुक्त पदाधिकारी जिल्ह्यात उरला नव्हता. महापालिकेचे मतदान 15 जानेवारी 2026 ला झाले, साडेतीन वर्षांहून जास्त काळाने. कॅमेऱ्यांच्या देखरेखीची चर्चा करताना स्थानिक निवडणुका रखडण्याचा संबंध कुणी जोडत नाही, जोडायला हवा.

तुलनेसाठी शाळा घ्या. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला आणि आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायला सांगितले. मुख्याध्यापकाला महिन्याला बारा तपासण्या, जिल्ह्याच्या समितीला महिन्याला एक अहवाल.

ठाण्याच्या बाहेर रस्त्यावर आले की हेही आकडे संपतात. नांदेड ओलांडल्यावर लागणाऱ्या तेलंगणात 2013 चा, आंध्र एकत्र असतानाचा सार्वजनिक सुरक्षा कायदा आहे. कर्नाटकाचा 2017 चा, गुजरातचा 2022 चा. तिन्ही कायदे गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे आणि 30 दिवसांची साठवण बंधनकारक करतात. महाराष्ट्राने ऑगस्ट 2016 मध्ये अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, टीका झाली, कायदा झाला नाही. टीकेत तथ्य होते. पण त्यामुळे कॅमेरे लागायचे थांबले नाहीत. मुंबईत त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला 1,510 ठिकाणच्या 4,717 कॅमेऱ्यांचा प्रकल्प सुरू झाला. खर्च 949 कोटी रुपये, म्हणजे जाळे आणि नियंत्रण कक्ष धरून कॅमेऱ्यामागे 20 लाख.

2011 च्या जनगणनेची 1 कोटी 24 लाख लोकसंख्या धरली तर मुंबईत 2,638 लोकांमागे एक कॅमेरा येतो. 3 लाख 7 हजारांच्या परभणी शहराला हेच प्रमाण लावले तर 116 कॅमेरे आणि मुंबईच्या दराने 23 कोटी. जिल्ह्याच्या 18 लाख 36 हजार लोकसंख्येपैकी 69 टक्के खेड्यांत राहते. या मोजमापात ती येतच नाही. तिथे कॅमेरा असतो तो ग्रामपंचायतीचा, नाहीतर दुकानदाराचा.

दुकानदाराला येत्या काळात नियम लागू होईल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 पासून सुरू होतात. दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी. गुन्हे रोखणे, उघडकीस आणणे आणि तपास यांसाठीच्या वापराला मात्र याच कायद्याच्या कलम 17 मध्ये मोठी सूट आहे. गंगाखेडच्या कापड दुकानाचा कॅमेरा रस्त्यावरचे चेहरे टिपत असेल तर मालकाला उत्तर द्यावे लागेल. त्याच रस्त्यावरच्या पोलीस कॅमेऱ्याला बहुतांशी नाही.

मुदतीचे आकडे विषयागणिक कसे बदलतात, याचे आणखी एक उदाहरण. निवडणूक आयोगाने 30 मे 2025 च्या पत्रात निवडणुकीचे फुटेज, निकालाला आव्हान नसेल तर, 45 दिवसांनी नष्ट करायला सांगितले. निवडणूक याचिका दाखल करण्याची मुदतही 45 दिवस आहे. म्हणजे तिथे साठवणीचा आकडा निदान दाद मागण्याच्या मुदतीला बांधलेला आहे. शेजारच्या राज्यांच्या कायद्यांतला 30 दिवसांचा आकडा कशालाच बांधलेला नाही.

आणि फुटेज टिकले तरी ते पुरावा ठरेलच असे नाही. शेजारच्या जालन्यात 2014 च्या विधानसभा निवडणुकीत विजयाचे अंतर 296 मते होते. उमेदवारी अर्ज दुपारी 3 नंतर आला का, याचा वाद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन थांबला. चित्रीकरण होते, सीडी होत्या, कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र अधिकारी देत नव्हते. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 14 जुलै 2020 चा: मूळ यंत्रच न्यायालयात आणले नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 ने त्यात फाइलच्या हॅश मूल्याची आणि तज्ज्ञाच्या सहीची भर घातली. परभणीची घटना या कलमानंतरची आहे. ठाण्यातल्या फुटेजची प्रत घेताना ते प्रमाणपत्र ज्याच्या सहीने निघायचे, तो त्या यंत्राचा ताबा असलेला अधिकारी. आणि 2020 च्या निकालानुसार ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची आणि चित्रीकरणाची जबाबदारी ठाणे प्रभारीची आहे.