स्वभाव, स्नेह आणि स्त्रीचा व्यवसाय

सौंसर तालुक्यातील रामाकोन्याची एखादी मुलगी बारावी उत्तीर्ण झाली, की तिने पुढील शिक्षणासाठी छिंदवाड्यास जावे की नागपुरास, याचा घरात खल होतो. आणि अखेरीस जो अर्ज भरला जातो, त्यास सर्वजण निःशंकपणे मुलीची आवड म्हणतात. ही आवड तिच्या स्वभावातून किती उगवली आणि भोवतालच्या माणसांनी किती घडविली, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

व्यवसायाची अभिरुची म्हणजे व्यक्तिमत्त्वाचाच आविष्कार, असे प्रतिपादन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली केले. कोणी शोधक, कोणी कलासक्त, कोणी लोकसेवेत रमणारा, तर कोणी दप्तराच्या शिस्तीत. पुढे १९८१ मध्ये लिंडा गॉटफ्रेडसन यांनी दाखविले, की मुले आपल्या आवडीची परीक्षा करण्यापूर्वीच, अमुक काम बायकांचे नव्हे किंवा आपल्या पायरीचे नव्हे, अशा समजुतीने कित्येक व्यवसाय मनातून खारीज करून टाकतात.

या दोन विचारांचा मेळ आपल्याच इतिहासात आढळतो. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या विद्याभ्यासास टपालखात्यातील त्यांचे पती गोपाळराव यांच्या हट्टाने आरंभ झाला. परंतु चौदाव्या वर्षी अवघ्या दहा दिवसांचे अपत्य गमावल्यावर स्त्रियांसाठी स्त्री वैद्य हवी, हा जो निश्चय झाला आणि ज्याने त्यांना फिलाडेल्फियात १८८६ साली पदवीपर्यंत नेले, तो त्यांचा स्वतःचा होता. याउलट रखमाबाईंनी बालपणी लादलेल्या पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८७ साली न्यायालयाने सासरी जाण्याचा अन्यथा कैद भोगण्याचा हुकूम दिला, तरी त्या डगमगल्या नाहीत. त्यांच्या करारी वृत्तीस सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरातील विद्येचे व मायेचे पाठबळ होते. लंडनला वैद्यकी शिकून त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. एकीस पतीने पुढे ढकलले, दुसरीने पतीस दूर सारले; तरी दोघींच्या घरी विद्येस मान देणारे एक वडीलधारे माणूस होते, आणि वैद्यकी आपल्या आवाक्यातली आहे, हे त्यांस त्यामुळेच वाटू शकले.

म्हणून केवळ कल विचारणे पुरेसे नाही. जिने स्त्री अभियंता कधी पाहिलीच नाही, तिला अभियांत्रिकी आवडत नाही हा निष्कर्ष घाईचा ठरेल. अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या क्षेत्रातील एखाद्या स्त्रीशी मुलीची गाठ घालून देणे, हे पालकांचे व शिक्षकांचे पहिले कर्तव्य होय. निवड त्यानंतरच तिच्यावर सोपवावी.