मिक्सरचा वेग भांड्यात ठरतो

लातूर-नांदेडकडच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या वाट्याला येणारं काम बरंचसं कोरडं असतं. शेंगदाण्याची चटणी, कारळाची, जवसाची, तिळाची; सुकं खोबरं, काळा मसाला आणि वर्षाचं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि डाळींचं पीठ. ओलं वाटण रोजचंच आहे, पण भाकरीशेजारी जे बारमाही लागतं ते डब्यात भरून ठेवायचं, कोरडं. या कामासाठी समोर एक गोल बटण असतं, त्यावर एक, दोन, तीन असे आकडे. घरोघरी त्यांचा अर्थ ठरून गेलेला आहे: एक म्हणजे हळू आणि मोटरला सोपं, तीन म्हणजे जोरात आणि मोटरला जड. हा अर्थ अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा महागात पडतो. बटण फार तर वेगाची हद्द सांगतं. प्रत्यक्षात पातं किती फिरणार हे भांड्यातला माल ठरवतो. हे ध्यानात न आल्यामुळे चटणीचा गोळा होतो, वायंडिंग जळतं, आणि मग दोष कधी विजेला, कधी कंपनीला, तर कधी वाटणाऱ्या बाईच्या हाताला दिला जातो.

यासाठी मोटरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. छताचा पंखा किंवा विहिरीवरची पाण्याची मोटर आपल्या विजेच्या लयीला बांधलेली असते. ही वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून त्या जातीची मोटर थेट घरच्या विजेवर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या पुढे जाऊच शकत नाही. मिक्सरला मात्र रिकामा असताना अठरा-वीस हजार फेरे लागतात. ते मिळावेत म्हणून त्यात वेगळ्या जातीची मोटर बसवतात. तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, कारण ती एसी आणि डीसी दोन्हींवर चालते. तिच्यात बाहेरची फिल्ड कॉइल आणि आत फिरणारं आर्मेचर एकाच ओळीत जोडलेलं असतं आणि आर्मेचरला वीज पोचवतात दोन बाजूंनी टेकलेले कार्बन. या मोटरचा गुण असा की ओझं नसेल तर ती उधळते आणि ओझं वाढलं की वेग सोडून जोर धरते. तो जोर ती जास्त करंट खेचून आणते. म्हणजे खोक्यावर छापलेले अठरा हजार फेरे हे रिकाम्या चालीचे असतात. दाणे टाकल्यावर तोच तीन नंबर बराच खाली येतो आणि घट्ट वाटण असेल तर फारच खाली. सहा सेंटीमीटर व्यासाच्या पात्याचं टोक अठरा हजार फेऱ्यांना ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगानं जातं. दहा हजारांवर आलं की तेच सव्वाशेच्याही आत येतं. बटण जागचं हललेलं नसतं.

शेंगदाण्याच्या चटणीत हे सगळं डोळ्यांसमोर आणि त्याहून जास्त कानांसमोर घडतं. लहान भांड्यात वाटीभर भाजलेले, फोलपटं पाखडलेले दाणे, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, जिरं, मीठ, लाल तिखट. बटण फिरवलं की आधी खडखडाट होतो, कारण अख्खे दाणे पात्यावर आदळून झाकणापर्यंत उडत असतात. चार-पाच सेकंदांत खडखडाट मोडून जाडसर घरघर सुरू होते. दाणे फुटले, भरड झाली, मोटरवर खरं ओझं आलं. इथून पुढचे काही क्षण महत्त्वाचे. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं. पातं एकसारखं फिरत राहिलं तर भरड तापते, तेल सुटतं, आणि भांड्याच्या कडेला ओलसर थर लिंपला जातो. मग आवाज एकदम बारीक होऊन चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाटण जोरात चाललंय. घडत असतं उलटं. माल कडेला चिकटला, पात्याभोवती पोकळी झाली आणि मोटर ओझ्याविना उधळली. वाटण थांबलेलं आहे. अशा वेळी लोक बटण दोनवरून तीनवर नेतात, म्हणजे पोकळीत पातं आणखी जोरात फिरवतात. करायला हवं ते साधं आहे: थांबायचं, भांडं उचलून आपटायचं, चमच्यानं कड सोडवायची आणि बटण उलट्या बाजूला, इंचरवर, दोन-तीन सेकंद फिरवून सोडायचं. सोडलं की माल खाली बसतो. पुन्हा फिरवलं की वरचा भाग खाली येऊन पात्याला लागतो. तीन-चार वेळा असं केलं की चटणी दाणेदार राहते आणि तेल बेताचं सुटतं. कान देऊन वाटणाऱ्या बाईला फेरे मोजायचं यंत्र लागत नाही. आवाज खाली गेला म्हणजे ओझं आहे, वर गेला म्हणजे ओझं सुटलं, आणि घोगरा होऊन अडखळला म्हणजे पातं अडतंय, ताबडतोब बंद.

या यंत्राचा जन्म मुळात पातळ पदार्थांसाठी झाला. तळाशी पातं असलेलं पेय घुसळायचं यंत्र स्टीफन पोप्लॉस्की यांनी अमेरिकेत १९२२ मध्ये केलं आणि १९३७ मध्ये फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदकारानं ब्लेंडर बाजारात आणला. मिल्कशेक, सूप, फळांचा रस. पातळ पदार्थ स्वतःच भोवऱ्यासारखा फिरून पात्याकडे परत येतो, त्यामुळे तिथे मोटरला फार झगडावं लागत नाही. आपल्याकडची हळकुंडं, धणे आणि सुकं खोबरं तसं फिरत नाहीत. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यानं नेमकी हीच अडचण ओळखली. घरातला परदेशी बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे जळाला, तेव्हा त्यांनी आपल्या कामाला टिकेल अशी मोटर बांधायला घेतली आणि १९६० च्या दशकात ‘सुमीत’ आला. पुढे मराठी घरांत कितीतरी वर्षं मिक्सरला सुमीतच म्हटलं जात होतं. स्टीलचं बुटकं भांडं, जाड पातं, जोरकस मोटर आणि मोजकेच तीन वेग ही आज आपण गृहीत धरतो ती घडण कोरड्या कामाच्या गरजेतून आलेली आहे. त्याच काळात अमेरिकेत ब्लेंडरवर आठ, दहा, सोळा बटणं लावण्याची चढाओढ लागली होती. आत युक्ती सगळ्यांत तीच होती: फिल्ड कॉइलला निरनिराळ्या ठिकाणी काढलेल्या तारा आणि विजेची निम्मी लाट अडवणारा एक डायोड. बटणं सोळा झाली म्हणून सोळा तऱ्हेची वाटणं झाली नाहीत.

आपल्या बटणातही कॉइलचाच खेळ असतो. एकवर वीज फिल्डच्या जास्त वेढ्यांतून जाते, चुंबकत्व दाट होतं, मोटर संथ फिरते. तीनवर वेढे कमी आणि वेग जास्त. इथे पहिला आक्षेप येतो. मग एकवर करंट कमीच लागणार, म्हणजे घट्ट वाटण एकवर केलेलं बरं नव्हे का? करंट थोडा कमी लागतो हे खरं. पण मोटर गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर खाली बसवलेला असतो, त्याला वेगळी मोटर नाही. दांडा संथ झाला की वारा संथ झाला. घट्ट चटणीत एकवर वेग इतका पडतो की पंखा नावालाच फिरतो आणि उष्णता आत कोंडते. एक नंबर कशासाठी आहे? सुरुवातीचा धक्का सौम्य व्हावा, झाकणातून उसळू नये, आणि ताकासारखं पातळ हलक्या हातानं घुसळलं जावं म्हणून. साय घुसळून लोणी काढताना एकच बरा, तीनवर ती तापून लोणी विरघळतं. घट्ट किंवा कोरड्या मालाला संथ वेग हे औषध नाही. माल कमी घेणं हे औषध आहे. भांडं निम्म्याच्या आत ठेवलं की तीन नंबरही मोटरला जड जात नाही.

दुसरा आक्षेप दुकानात ऐकू येतो: पाचशेचा कशाला घेता, साडेसातशे किंवा हजार वॅटचा घ्या, सगळं वाटून निघेल. वॅटचा आकडा मोटर वीज किती खाते ते सांगतो, पात्यापर्यंत जोर किती पोचतो ते नाही. मधला मोठा वाटा उष्णतेत, कार्बनच्या घर्षणात आणि त्या कान बधिर करणाऱ्या आवाजात जातो. जास्त वॅटची मोटर घट्ट मालात उशिरा दमते, हे मान्य करायला हवं, आणि मोठ्या कुटुंबाला तिचा उपयोग आहेच. पण कडेला चिकटलेला थर हजार वॅटलाही लागत नाही, आणि पात्याचं बोथटपण वॅटनं भरून निघत नाही. अडखळणाऱ्या पात्यावर जास्त जोर आला तर आधी भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दाते तुटतात. ते तुटलेले बरे, कारण कपलर स्वस्तात बदलता येतो, आर्मेचर नाही.

मराठवाड्यातली खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यात असते. मिरच्या वाळल्या, धणे भाजले, येसराची धान्यं आणि डाळी खमंग झाल्या, वाळवणं सुरू आहेत. वर्षाचं वाटण याच दिवसांत होतं. नांदेडला पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात मोटर सुरू होण्याआधीच तापलेली असते. त्यात डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनच्या शेवटी असलेल्या घरात दुपारी व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी बरंच कमी. इथे एक समजूत आडवी येते की व्होल्टेज कमी तर मिक्सर हळू चालेल, पण जळणार नाही. कोरडं वाटण फोडायला लागणारा जोर तेवढाच राहतो, म्हणून करंटही जवळजवळ तेवढाच राहतो. कमी होतो तो वेग आणि त्याबरोबर पंख्याचा वारा. म्हणजे उष्णता तेवढीच, गारवा कमी. पुष्कळ जण मिक्सर सरकू नये म्हणून खाली फडकं घालतात. हवा आत-बाहेर जायच्या फटी बुडाशी असतात, त्या फडक्यानं बंद होतात. मग एखाद्या घाण्याला मोटर खट्कन बंद पडते. खालचं लाल बटण वर आलेलं असतं. ते ओव्हरलोडचं बटण जास्त करंटनं तापणाऱ्या पट्टीवर चालतं, मोटरच्या पोटातली उष्णता ते थेट मोजत नाही. त्यामुळे लगेच दाबून पुन्हा चालू करता येतं, हा त्याचा धोका आहे. ते वर आलं की भांडं निम्मं रिकामं करायचं आणि मोटरला पंधरा-वीस मिनिटं द्यायची. पहिल्या दोन-चार वापरांत नव्या मिक्सरचा जो वास येतो तो वायंडिंगवरच्या वार्निशचा असतो, त्याला घाबरू नये. जुन्या मिक्सरला तसा वास आला आणि फटीतून मोठ्या पिवळ्या ठिणग्या दिसल्या, तर मात्र कार्बन झिजलेत किंवा भांड्याच्या बुशमधून पाणी मोटरवर उतरतंय.

इंचरवरही एक रास्त आक्षेप आहे. मोटर सुरू होताना करंटचा झटका सर्वांत मोठा असतो. मग सारखं चालू-बंद करून आपण तिला सारखे झटके देत नाही का? देतो. म्हणून टकटक-टकटक असं बटण बडवणं चुकीचंच. दोन-तीन सेकंद पूर्ण फिरू द्यायचं आणि पातं थांबल्यावरच पुन्हा द्यायचं. झटका क्षणभराचा असतो; सलग तीन मिनिटं तेलकट गोळ्याशी झुंजणं त्याहून कितीतरी जास्त तापवतं. पाटा-वरवंट्याची चव मिक्सरला येत नाही, हा आक्षेप मला मनापासून पटतो. वरवंटा रगडतो, पातं कापतं, आणि रगडलेल्या खोबऱ्याचा कस वेगळाच लागतो. पण त्या चवीमागे बायकांच्या खांद्यांचे किती तास गेले हेही त्याच तराजूत घालायला हवं. ज्या कामाला पातं योग्यच नाही तिथे दुसरी यंत्रं आहेत. इडलीचं पीठ दगडी वेट ग्राइंडरमध्ये गार राहतं. वसमतची अख्खी हळकुंडं आणि पायलीभर मिरच्या कांडपावरच न्यायच्या. लहान भांड्यात हळकुंड टाकलं की पातं वाकतं.

येसर मात्र घरच्या मिक्सरवर नीट होतं, आणि ते करण्याची जुनी पद्धत मोटरला नेमकी मानवते. मूठ-दीड मूठ भाजलेला माल घ्यायचा, अर्धा मिनिट फिरवायचा, झाकण उघडून वाफ जाऊ द्यायची, मग परातीत काढून चाळायचा. चाळणीखाली बारीक पीठ पडतं, वर भरड राहते. भरड बाजूला ठेवून दुसरा घाणा. सगळे घाणे चाळून झाले की वरची भरड एकत्र करून पुन्हा भांड्यात. चाळणं चाललेलं असतं तेवढा वेळ मिक्सर बंद असतो. पुढचा घाणा भरताना बुडाशी हात लावला तर ती जागा कोमट लागते, चटका बसत नाही.