मराठीतील केशरचनावाचक शब्द : अर्थ आणि सामाजिक संकेत

केशरचनावाचक शब्द रचनेबरोबरच व्यक्तीचे सामाजिक स्थानही सूचित करतात. 'वेणी' म्हणजे गुंफलेले केस, तसेच केसांत माळावयाची फुलेही. 'खोपा' हा अंबाडाही असतो व सुगरणीचे घरटेही. हा अर्थविस्तार साम्यमूलक आहे. 'बोडका' या विशेषणाचा प्रवास मात्र कठोर आहे. वृक्षहीन डोंगरास ते केवळ वर्णनपर लागते. 'बोडकी' हा शब्द मात्र केशवपन केलेल्या विधवेसाठी शिवीसारखा रूढ झाला. उच्चवर्णीयांत केस राखणाऱ्या विधवेस 'सकेशा' असे वेगळे विशेषण लावावे लागले. यावरून वपन हाच नियम मानला जात होता, हे स्पष्ट होते. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी असे वपन न करण्याचा निर्धार केला. प्रथा लोपली, तरी शब्दातील अवहेलना उरली. म्हणूनच कोशात अर्थासोबत वापराचा इतिहासही नोंदविणे आवश्यक ठरते.