मातीचे घर आणि चुलीजवळची शाळा

पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा दीक्षान्त संचलनाचा सोहळा संपत आला, म्हणजे शिक्षण पुरे केलेले छात्र संथ पावले टाकीत मैदानाबाहेर पडतात आणि त्या वेळी वाद्यवृंद एक जुनी स्कॉटिश चाल वाजवितो. निरोपाची ती चाल ऐकताना कित्येकांचे डोळे ओलावतात. इंग्रजी वर्षाच्या अखेरच्या रात्री जगातील अनेक शहरांत लोक हातात हात गुंफून जे गीत गातात, तेही हेच : ‘ऑल्ड लँग साइन’. जुन्या स्नेहाची आठवण जागविणारे हे गीत रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८८ साली एका जुन्या लोकगीताच्या आधारे सिद्ध केले. ज्या घरात या कवीचा जन्म झाला ते घर मातीचे होते, गवताने शाकारलेले होते, आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते आजही उभे आहे.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर एअर नावाचे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस दोन-तीन मैलांवर ॲलोवे हे खेडे लागते. कवीचे वडील विल्यम हे मूळचे ईशान्य स्कॉटलंडचे. तिकडे निर्वाह होईना, तेव्हा ते पोट भरण्यासाठी दक्षिणेकडे आले आणि माळीकाम करू लागले. ॲलोवे येथे त्यांनी साडेसात एकर जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली. तेथे भाजीपाल्याचा व रोपांचा मळा करावा असा त्यांचा बेत होता. मळ्याच्या जागेवर त्यांनी १७५७ साली स्वतःच्या हातांनी हे घर बांधले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲग्नेस ब्राउन यांच्याशी विवाह करून तेथे संसार थाटला. २५ जानेवारी १७५९ रोजी रॉबर्ट या पहिल्या अपत्याचा जन्म झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऐन हिवाळ्यात मोठे वादळ झाले आणि घराच्या एका बाजूच्या भिंतीचा भाग कोसळला. बाळंतीण व तान्हे मूल यांना त्या वादळातच शेजाऱ्याकडे हलवावे लागले. पुढे भिंत दुरुस्त झाली आणि मायलेकरे घरी परत आली. आपला जन्म वादळाच्या साक्षीने झाला, याचा कवीला मोठेपणी काहीसा अभिमानही वाटे.

घराची रचना अगदी साधी आहे. बसक्या, लांबट इमारतीच्या एका अंगास स्वयंपाकघर व त्याला लागून एक खोली. दुसऱ्या अंगास धान्याचे कोठार आणि गुरांचा गोठा. माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहत. खिडक्या लहान, भिंती मातीच्या, वरून चुन्याने पांढऱ्या केलेल्या. स्वयंपाकघरातच भिंतीत बसविलेला, कपाटासारखा बंदिस्त पलंग आहे. तेथेच रॉबर्टचा जन्म झाला. कोकणातील किंवा बेळगावकडील एखाद्या जुन्या शेतकऱ्याच्या घरात वावरलेल्या माणसाला या मांडणीत परके असे फारसे काही वाटणार नाही. थंडीच्या देशात गोठ्यातील जनावरांची ऊब हीदेखील संसाराची एक जोड असते, एवढाच काय तो फरक.

अशा घरातून थोर कवी निघाला, याचे लोकांना आश्चर्य वाटले यात नवल नाही. ३१ जुलै १७८६ रोजी किल्मार्नॉक येथे बर्न्सच्या कवितांचे पहिले पुस्तक छापून निघाले. त्याच्या प्रती अवघ्या ६१२ होत्या आणि किंमत तीन शिलिंग. त्या प्रती हातोहात खपल्या. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात कवी एडिंबरोस गेला, तेव्हा तेथील विद्वानांनी त्याचे मोठे स्वागत केले. हेन्री मॅकेंझी या प्रतिष्ठित लेखकाने एका नियतकालिकात त्याची स्तुती करताना, हा तर साक्षात स्वर्गातून शिकून आलेला नांगऱ्या आहे, अशा अर्थाचे शब्द वापरले. ही बिरुदावली कवीला कायमची चिकटली. तीत कौतुक होते, पण एक अन्यायही होता. ज्याला स्वर्गाने शिकविले त्याला पृथ्वीवर कोणी शिकविले, याची चौकशी करण्याचे मग कारण उरत नाही. ॲलोवेचे घर महत्त्वाचे ठरते ते येथे. कवीला कोणी शिकविले आणि काय किंमत देऊन शिकविले, याचा जबाब ते घर देते.

रॉबर्ट सहा वर्षांचा असताना जवळची शाळा बंद पडली. तेव्हा विल्यम यांनी चार शेजाऱ्यांना बरोबर घेतले आणि १७६५ साली जॉन मर्डॉक या अठरा वर्षांच्या तरुणाला गावच्या मुलांसाठी शिक्षक म्हणून नेमले. पगार बेताचा, म्हणून मास्तरांच्या जेवणाखाण्याची व राहण्याची सोय पाचही कुटुंबांनी पाळीपाळीने करावी असे ठरले. कष्टकऱ्यांच्या पाच घरांनी वर्गणी काढून शाळा चालवावी, ही गोष्ट त्या काळीही लहान नव्हती. मर्डॉक यांनी मुलांना इंग्रजी वाचन, शब्दांची फोड, व्याकरण आणि कविता पाठ करणे हे सारे कसोशीने शिकविले. पद्यातील वाक्य गद्यात उलगडून सांगण्याची सवय त्यांनी लावली. पुढे या गुरूने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत एक गोष्ट मोठी गमतीची आहे. रॉबर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट यांना ते प्रार्थनागीतांच्या चाली शिकवीत. रॉबर्टचा कान इतका मंद आणि आवाज इतका बेसूर, की एक चाल दुसरीपासून ओळखणे त्याला फार दिवस जमले नाही. दोघांपैकी कोणी कविता करील तर तो गिल्बर्ट, असेच मास्तरांना वाटे. ज्याची गीते पुढे जगभर गायिली गेली, त्याच्याविषयीचे हे मत ऐकून प्रत्येक शिक्षकाने थोडे सावध व्हावे.

शाळा सुटल्यावर दुसरी शाळा घरात भरे. दिवसभर राबून आलेले वडील चुलीपाशी बसून मुलांशी मोठ्या माणसांशी बोलावे तसे नाना विषयांवर बोलत. मुलांना धर्मतत्त्वे समजावीत म्हणून त्यांनी पितापुत्रांच्या संवादाच्या रूपाने एक छोटी पुस्तिका तयार केली होती. शिक्षक आणि वडील यांच्याकडून जे मिळाले नाही, ते घरातील स्त्रियांनी दिले. आई ॲग्नेस यांना जुनी गाणी पुष्कळ येत आणि काम करता करता त्या ती गात. बेटी डेव्हिडसन नावाची एक वृद्ध नातेवाईक घरी येई. भुते, चेटकिणी, हडळी आणि मंतरलेले बुरूज यांच्या कथांचा तिच्याजवळ अखंड साठा होता. या कथांनी आपल्या मनात कवितेचे बीज रुजविले, असे बर्न्सने १७८७ साली डॉक्टर जॉन मूर यांना लिहिलेल्या आत्मचरित्रात्मक पत्रात मोकळेपणाने सांगितले आहे. घरापासून थोड्याच अंतरावर ॲलोवेचे पडके देवालय आहे. १७९० साली त्याने ‘टॅम ओ’ शँटर’ हे कथाकाव्य लिहिले, तेव्हा चेटकिणींचा नाच त्याने याच देवालयात भरविला.

येथे भाषेचाही एक प्रश्न आहे आणि तो आपल्या प्रांतापासून दूर राहून मायबोली सांभाळणाऱ्यांना सहज उमजेल. १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांची संसद एक झाली. त्यानंतर प्रतिष्ठेची भाषा इंग्रजी ठरली. एडिंबरोची सुशिक्षित मंडळी आपल्या लिहिण्याबोलण्यात स्कॉट शब्द येऊ नयेत म्हणून जपत. मर्डॉक यांच्या शाळेत व्याकरण होते ते इंग्रजीचे. स्कॉट बोली राहिली होती ती आईच्या गाण्यांत आणि म्हातारीच्या गोष्टींत. बर्न्सने इंग्रजी उत्तम आत्मसात केली. पण त्याची श्रेष्ठ कविता उतरली ती चुलीजवळ ऐकलेल्या बोलीत. शाळेने त्याला लेखणी दिली आणि घराने शब्द दिले. यांपैकी एकही नसते, तर तो कवी झाला असता की नाही याची शंकाच आहे.

विल्यम यांनी १७६६ साली हे घर सोडले. मळ्यावर राहिले तर मुले थोडी मोठी होताच त्यांना दुसऱ्याच्या शेतावर चाकरीस पाठवावे लागेल. ती आपल्या नजरेखाली राहावीत म्हणून त्यांनी जवळच माउंट ऑलिफंट येथे मोठे शेत खंडाने घेतले. जमीन निकस निघाली. कर्ज वाढले, गडी ठेवण्याची ऐपत उरली नाही. पंधराव्या वर्षी रॉबर्ट त्या शेतावरचा मुख्य मजूर झाला होता. पोरवयातील त्या अतिश्रमांनी त्याची प्रकृती कायमची ढासळली, असे मानले जाते. वडील १७८४ साली जमीनमालकाशी चाललेल्या दाव्याने थकून वारले. त्यांचे दफन ॲलोवेच्या त्या पडक्या देवालयाच्या आवारात झाले. मुलाचे पुस्तक निघालेले त्यांनी पाहिले नाही. कवी स्वतः २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीज येथे मरण पावला, तेव्हा त्याचे वय अवघे सदतीस होते.

इकडे घराचे काय झाले ? १७८१ साली विल्यम यांनी ते एअरच्या चर्मकारांच्या संघास विकले होते. संघाने ते भाड्याने दिले आणि तेथे दारूचा गुत्ता सुरू झाला. कवीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, २१ जुलै १८०१ रोजी, त्याचे नऊ चाहते याच घरात जमले, जेवले आणि त्यांनी त्याची आठवण जागविली. जगभर २५ जानेवारीस होणाऱ्या बर्न्स-भोजनांची परंपरा तेथून सुरू झाली. १८१८ च्या जुलै महिन्यात इंग्लंडचा तरुण कवी कीट्स पायी प्रवास करीत मोठ्या भक्तीने येथे आला. गुत्त्याचा रखवालदार मद्यपी आणि बडबड्या होता. बर्न्सशी आपली ओळख होती म्हणून तो एकामागून एक गोष्टी सांगू लागला. कीट्सने तेथे बसून एक सुनीत लिहिले खरे, पण ते मनासारखे उतरले नाही, आणि त्याने आपल्या पत्रांत सारा दोष त्या म्हाताऱ्याच्या माथी मारला.

याच सुमारास कवीचे भव्य स्मारक उभारण्याची कल्पना निघाली. वर्गणी जमली, १८२० साली पायाभरणी झाली आणि १८२३ साली ग्रीक शैलीतील, सुमारे सत्तर फूट उंचीचे, नऊ कलादेवतांच्या नावे नऊ स्तंभ असलेले देखणे स्मारक त्याच गावात पुरे झाले. तेथून थोड्याच अंतरावर खऱ्या घरात मात्र पेले भरले जातच होते. यात स्कॉटिश समाजाला हसण्यासारखे काही नाही. मृत कवीसाठी दगडी स्तंभ उभारणे सर्वत्र सोपे असते. तो एकदा उभारला की कर्तव्य संपते. गरिबाचे घर जतन करणे याहून अवघड. त्याला दारिद्र्य झाकता येत नाही आणि त्याची देखभाल कधी संपत नाही. स्मारक पुरे झाल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी, १८८१ साली, स्मारकाच्या विश्वस्तांनी चार हजार पौंड देऊन ते घर विकत घेतले. पुढे गुत्त्याच्या काळातील वाढीव बांधकाम काढून टाकून घराला मूळ रूप देण्यात आले.

त्यानंतर तेहतीस वर्षांत या झोपडीला केवढे मोल आले, ते एका विलक्षण घटनेवरून दिसते. ८ जुलै १९१४ च्या पहाटे स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या दोन स्त्रिया स्फोटके घेऊन घरापाशी आल्या. रखवालदाराला चाहूल लागली. एक निसटली, दुसरी सापडली. सापडलेली फ्रान्सिस पार्कर ही, काही वर्षांपूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनेर यांची भाची. न्यायालयात तिने बर्न्सच्याच एका स्वातंत्र्यगीताचा आधार घेतला. साऱ्या देशाचे लक्ष वेधायचे तर हात कोठे घालावा, याचा विचार करताना त्या स्त्रियांना हे मातीचे घर आठवावे, यातच सारे आले. ज्या कवीने १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांवर एक कविता लिहिली होती, त्याचे घर त्या दिवशी रखवालदाराच्या सावधपणामुळे वाचले.

आज हे घर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय न्यासाच्या ताब्यात आहे. २००८ साली त्याची व्यवस्था न्यासाकडे आली आणि २०१० च्या डिसेंबरात जवळच नवे संग्रहालय उघडले. त्यात कवीची हस्तलिखिते, पत्रे व इतर वस्तू मिळून पाच हजारांहून अधिक नग आहेत. मातीच्या भिंतीला ओल सोसत नाही आणि गवताचे छप्पर ठरावीक वर्षांनी नव्याने घालावे लागते. आज दिसणारे गवत विल्यम यांच्या वेळचे नव्हे, आणि भिंतींवरचा चुनाही नव्हे. वादळाने पाडलेली भिंत त्यांनी पुन्हा उभी केली होती. तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या कोणी ना कोणी तेच काम करीत आले आहे. स्तंभाकडे पाहून कवी किती थोर होता हे कळते. या घराच्या स्वयंपाकघरात उभे राहिले, म्हणजे एका माळ्याने, एका गाणाऱ्या आईने, एका गोष्टीवेल्हाळ म्हातारीने आणि अठरा वर्षांच्या एका मास्तराने तो कसा घडविला, हे कळते.