कामाच्या पायऱ्या

कामाचें नांव घेणें निराळें आणि कामास हात घालणें निराळें. अलीकडे पुष्कळ घरांत कामांची यादी वहींत न ठेवतां मोबाइलमध्यें ठेवण्याची पद्धत पडली आहे. २००७ सालीं निघालेलें टोडोइस्ट, २०११ सालचें ट्रेलो, तसेंच मायक्रोसॉफ्ट टू डू हीं या प्रकारचीं प्रसिद्ध सॉफ्टवेअर होत. त्यांत यादी नीट राहते, ठरल्या वेळीं घंटाहि वाजते; तथापि कांहीं कामें महिनोन्‌महिने जागचीं हलत नाहींत. याचें कारण नेहमीं आळसच असतें असें नाहीं. पुष्कळदां तें कामाच्या नांवांतच दडलेलें असतें.

उदाहरणार्थ, एखाद्या घरांतील कर्ता पुरुष निवर्तला. त्याच्या बचत खात्यांतील रक्कम पत्नीस मिळावयाची आहे. मुलगा आपल्या यादींत ‘बाबांच्या खात्याचें काम’ असें टिपून ठेवतो. घंटा वाजते आणि तो तें काम पुढील शनिवारावर ढकलतो. वस्तुतः हें एक काम नव्हेच. हा पांच कामांचा गठ्ठा आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती महानगरपालिकेंतून आणणें, पासबुक शोधणें, खात्यास नॉमिनी नोंदलेला आहे कीं नाहीं हें शाखेंत विचारणें, दाव्याचा अर्ज आणणें, आणि तो भरून आईच्या ओळखपत्रासह देणें. ‘खात्याचें काम’ हे शब्द वाचून कोणीहि जागचें उठत नाहीं. ‘कपाटाच्या वरच्या खणांत पासबुक पाहणें’ हे वाचून मनुष्य उठतो.

येथें दिरंगाईची किंमतहि मोजावी लागते. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराकडून व्यवहार न झालेलें बचत खातें बँक निष्क्रिय मानते. दहा वर्षें उलटल्यावर त्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापिलेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधींत जमा होते. हक्क बुडत नाहीं. परंतु खटपट वाढते, आणि तोंवर ओढाताण त्या माउलीच्या वांट्यास येते.

अशा गठ्ठ्याची गांठ सोडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्यें असते. टू डूमध्यें मुख्य कामाच्या पोटांत पायऱ्या लिहितां येतात. टोडोइस्टमध्यें प्रत्येक उपकामास स्वतंत्र तारीख देतां येते. ट्रेलोमध्यें एकेक चौकोनांत खूण केली कीं प्रगतीची पट्टी पुढें सरकते. पायरी लिहितांना दोन गोष्टी पाळाव्या. ती एका बैठकींत संपावी, आणि तिच्यांत करावयाची क्रिया स्पष्ट असावी. तसेंच कोणती पायरी कोणावर अवलंबून आहे हें पाहावें. नॉमिनी नसल्यास वारसाहक्काचीं अधिक कागदपत्रें लागतात. म्हणून ती चौकशी आधीं, अर्ज मागाहून.

या पद्धतीस प्रयोगाचा आधार आहे. अल्बर्ट बांडुरा व डेल शंक या मानसशास्त्रज्ञांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गणितांत मागें पडलेल्या मुलांस वजाबाकीचीं ४२ पानें ७ बैठकींत सोडविण्यास दिलीं होतीं. कांहीं मुलांस दर बैठकीस ६ पानें असें लक्ष्य सुचविलें. कांहींस अखेरीस सर्व ४२ पानें, एवढेंच. हिशेब दोहोंचा एकच. परंतु पहिल्या गटाची प्रगति अधिक झाली, आत्मविश्वास वाढला आणि गणिताची गोडीहि लागली. दूरचें लक्ष्य मिळालेल्या मुलांस, कांहींच लक्ष्य न मिळालेल्या मुलांहून विशेष लाभ दिसला नाहीं.

मात्र तुकडे पाडण्यासहि मर्यादा हवी. ‘पेन घेणें, अर्ज उघडणें, नांव लिहिणें’ अशा पायऱ्या लिहूं लागल्यास यादीच काम होऊन बसते. ज्या पायरीपाशीं मन अडत नाहीं तिचे आणखी तुकडे करूं नयेत. अलीकडे कांहीं सॉफ्टवेअर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यानें पायऱ्या सुचवितातहि. त्यांचा उपयोग अवश्य करावा. परंतु पासबुक कोणत्या खणांत आहे, आणि आईस बँकेंत कोणी न्यावयाचें, हें घरच्या माणसांनींच बसून ठरवावें लागतें. तेवढें ठरलें म्हणजे पहिल्या पायरीवर तारीख घालावी आणि त्या दिवशीं ती चढावी.