ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते? आधी उजवं चाक बघा

काशिमीऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखच्या घाटात पुढचा टँकर अचानक थांबतो. तुम्ही ब्रेक दाबता आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे सरकते. त्याच बाजूने एखादा बाइकवाला पुढे घुसत असेल तर? म्हणून हा प्रकार "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हणून सोडण्यातला नाही.

बहुतेक जण आधी व्हील अलाइनमेंट करायला धावतात. थांबा. ब्रेक न दाबताच गाडी एका बाजूला जात असेल, तर टायरमधली हवा, टायरची झीज आणि अलाइनमेंट बघायचं. (पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला थोडे उतरते असतात, त्यामुळे डाव्या कडेने चालवताना गाडी किंचित डावीकडे जाते. तो दोष नाही.) पण एरवी सरळ धावणारी गाडी फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तर अलाइनमेंटचे पैसे बहुधा वाया जाणार. टायरची हवा मात्र दोन्हीकडे सारखी आहे का, ते पहिल्यांदा बघून घ्या. त्याला खर्च काहीच नाही.

ब्रेक दाबल्यावर पुढची दोन्ही चाकं सारख्याच जोराने धरली गेली पाहिजेत. ज्या बाजूला ब्रेक जास्त धरतो, त्या बाजूला गाडी वळते. म्हणजे गाडी डावीकडे ओढत असेल तर दोन शक्यता: एक तर डावा ब्रेक अडकून राहतोय, नाहीतर उजवा नीट धरतच नाहीये. ही दुसरी शक्यता हमखास विसरली जाते. मग चांगल्या चाललेल्या डाव्या बाजूचे पॅड बदलले जातात आणि आजारी उजवं चाक तसंच राहतं.

दोन्हींतला फरक उष्णतेवरून कळतो. ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो, त्यामुळे जो ब्रेक जास्त काम करतो तो जास्त तापतो. पहाटे एखाद्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर चार-पाच किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा. मग उतरून पुढच्या दोन्ही रिमजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पाण्याचे दोन थेंब टाकून बघितलं तरी चालतं. ब्रेक फारसा न वापरताही एक चाक चांगलंच तापलं असेल, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. अशा गाडीचं मायलेजही पडलेलं असतं. दोन्ही थंड असतील तर ताशी 40 च्या वेगाने पाच-सहा वेळा नेहमीसारखा ब्रेक मारून पुन्हा तपासा. आता एक गरम आणि एक कोमट निघालं, तर कोमट चाकावर संशय घ्या. पेडल खाली जात असेल, ब्रेकचा लाल दिवा लागला असेल किंवा गाडी जोरात खेचत असेल, तर ही चाचणी करूच नका. गाडी टो करून न्या.

मीरा-भाईंदरमध्ये यामागे एक नेहमीचं कारण सापडतं. एकीकडे वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र, मध्ये मिठागरं. हवेत ओलावा आणि खार दोन्ही. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरचा पिस्टन एकाच बाजूला असतो आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड दाबतो. पिनेवरचं रबरी बूट फाटलं की खारट ओलावा आत जातो, गंज धरतो, पिन जाम. खूण साधी आहे: त्याच चाकातला एक पॅड घासून संपलेला आणि जोडीचा जवळपास नवा. उपाय म्हणजे पिन काढून साफ करणं आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावणं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पिन मोकळ्या असूनही चाक सुटत नसेल तर पिस्टन किंवा रबरी होज. जुना होज बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगलेला असतो. ऑइल उशिरा जातं आणि उशिरा परत येतं. अशी गाडी ब्रेक दाबताना एकीकडे आणि सोडल्यावर दुसरीकडे ओढू शकते. मेकॅनिकला सांगा, चाक अडकलेलं असतानाच ब्लीडर निपल जरा उघड. चाक लगेच मोकळं झालं तर होज, नाही झालं तर पिस्टन किंवा पिन. नंतर ब्रेकमधली हवा मात्र काढावीच लागते.

ब्रेक दाबताच "खट्" आवाज येऊन गाडी सरकत असेल, तर लोअर आर्मचं बुश बघा. खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या गाडीत ते फाटतं आणि ब्रेक लागताना चाक जागचं हलतं. मागच्या ड्रमचा दोष असू शकतो, पण ब्रेकचं जास्त काम पुढचीच चाकं करतात, त्यामुळे सुरुवात पुढून.

पावसात गाडी चार दिवस उभी होती आणि पहिल्या एक-दोन ब्रेकलाच ओढली, तर बहुधा डिस्कवरचा वरवरचा गंज. तो घासून जातो. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकनंतरही ओढत राहिली तरच गॅरेज गाठा.

पॅड बदलायची वेळ आली तर पुढच्या दोन्ही चाकांचे एकत्रच बदला. एकाच बाजूचे नवे टाकले तर दोन्हीकडची पकड पुन्हा वेगळी. नवे पॅड बसायला थोडा वेळ लागतो, तोवर करकचून ब्रेक टाळा. दोनेकशे किलोमीटर झाले की त्याच रस्त्यावर तीच चाचणी परत करा आणि दोन्ही रिम सारख्याच गरम आहेत का बघा.