पाहुण्या संघाच्या बाजूने

मुलांचा सामना कोल्हापुरात आहे हे कळल्यापासून घरात एकच चर्चा होती : आपण जायचं का? मिरजेत सामना असला की मोहल्ला मैदानाच्या कडेला जमतोच. पण दुसऱ्याच्या गावी, दुसऱ्याच्या पेठेत जाऊन आपल्या मुलांच्या नावाने ओरडायचं ही गोष्ट वेगळी. शेवटी मुलांच्या आग्रहापुढे आम्ही हरलो. जानेवारीतल्या एका रविवारी मुलं, त्यांचे प्रशिक्षक, काही वडीलमंडळी, तिघी आया, दोन लहान बहिणी आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या खालाजान अशी तीसेक माणसं सकाळच्या पॅसेंजरने निघालो. खालाजानना थंडीची भीती घालून पाहिली, पण त्या बधल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी बसून तस्बीह फिरवायची, ती तिथे बसून फिरवीन. नातू गोलवर उभा राहणार आणि मी चुलीपुढे बसू?"

गाडी जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत जाते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा धूर, मग पंचगंगेवरचा पूल. पन्नास किलोमीटरही अंतर नाही, पण मुलांना परदेशी दौऱ्यावर निघाल्यासारखं वाटत होतं. आम्हीही त्यांच्या उत्साहात भर घातली. पाहुण्या संघांच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगितल्या. १९११ साली मोहन बागानने बहुतेक खेळाडू अनवाणी असताना ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट मुलांना ठाऊक होती. त्यापुढच्या ठाऊक नव्हत्या. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर वर्षानुवर्षं गोऱ्या पलटणींचं नाव कोरलं जायचं. १९३७ मध्ये बंगळुरूहून आलेल्या 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाने तो नेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेला. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं तिथली लीग जिंकली आणि १९४० मध्ये दिल्लीला जाऊन रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ने नमवत ड्युरँड चषक मिळवला. याच क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोला गेला आणि पायांना फक्त पट्ट्या बांधून सेल्टिक क्लबकडून खेळला. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती.

गोष्टी संपल्यावर सूचना सुरू झाल्या. एकटं कुठे जायचं नाही. गर्दीत वाद घालायचा नाही. कोणी नावावरून काही बोललं तर ऐकलंच नाही असं दाखवायचं. मोबाइल काढून चित्रण करायचं नाही. सामना संपला की सरळ स्टेशन. आजकाल मुस्लिम घरातलं मूल बाहेरगावी निघालं की अशी यादी आपोआप आपल्या तोंडी येते. त्यात चूक काही नाही, ती काळजीच आहे. पण त्या दिवशी त्या यादीत काय राहून गेलं, ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

तालमींचं गाव

कोल्हापूरचं फुटबॉलवेड ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते सांगून पटत नाही. महाराष्ट्रात बाकी सगळीकडे क्रिकेट, इथे मात्र छत्रपती शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की दुकानांत गिऱ्हाईक कमी. इथले संघ कंपन्यांचे किंवा बँकांचे नाहीत, बहुतेक तालमींचे आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. जिथे कुस्ती चालायची तिथेच चेंडूही आला. विश्वचषकाच्या दिवसांत गल्लीगल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारताच्या संघातला अनिकेत जाधव याच मातीतला होता.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे नावांकडे लक्ष जातंच. 'तालीम' हा अरबी शब्द, त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापूरकरांनी तो आखाड्याला दिला आणि 'उस्ताद'चा 'वस्ताद' केला. 'दिलबहार' तर सरळ फारसीतून आलेलं नाव, आणि ते 'बालगोपाल'च्या बरोबरीने एकाच लीगच्या तक्त्यात असतं. तिथे त्याचं कोणालाच नवल नाही. दसरा चौकातून जाताना मुलांना मुस्लिम बोर्डिंग दाखवलं. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने १९०६ साली ते उभं राहिलं आणि खेड्यापाड्यांतली मुस्लिम मुलं तिथे राहून शिकली. जवळच्या मशिदीत जुहरची नमाज पढून आम्ही मैदानाकडे वळलो.

एकच पायरी

आमचा सामना मोठ्या स्टेडियमवर नव्हता. पेठेतलं लहानसं मैदान, लाल माती, फक्कीने आखलेल्या रेषा. एका बाजूला दगडी पायऱ्या, उरलेल्या तीन बाजूंना दोरी. गोलच्या मागे कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेली धुणी.

टीव्हीवर इंग्लंडचे सामने पाहणाऱ्या आमच्या मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपली बाजू कुठली?" तिथे पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी वेगळं दार आणि वेगळी गॅलरी असते. प्रीमियर लीगमध्ये त्यांच्यासाठी ३,००० पर्यंत जागा राखून ठेवाव्या लागतात आणि २०१६ पासून त्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा आहे. मधे कारभारी आणि पोलीस उभे असतात. लहान मैदानावर असलं काही नसतं. पायऱ्या एकच, जागा मिळेल तिथे बसायचं. शेजारी कोण बसलंय हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आम्ही बसलो ते यजमानांच्या मधोमध. पलीकडे हलगी आणि घुमकं तापत होतं. खालाजानच्या शेजारी चाळिशीच्या एक बाई होत्या, मांडीवर भडंगाची पुडी. खालाजाननी सवयीप्रमाणे डबा उघडून खिम्याच्या समोशाऐवजी बटाट्याचा समोसा त्यांच्यापुढे धरला. खास वेगळा करून आणला होता, "कोणाला चालत नसेल तर" म्हणून. बाईंनी तो घेतला आणि भडंगाची पुडी पुढे केली.

"तुमचं कोण खेळतंय?"

"नातू. गोलवर आहे."

"अगं बाई, माझंबी गोलवरच हाय की!" दोघी हसल्या.

चार वाजता शिट्टी झाली. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन भाग ठरले होते. आमची मुलं बिचकून खेळत होती, चेंडू पायात आला की लांब मारून मोकळी होत होती. पण विसाव्या मिनिटाच्या सुमारास आमच्या डाव्या बाजूच्या मुलाने दुरूनच एक साधा फटका मारला. यजमानांचा गोलरक्षक अंगाने जाड होता. तो वाकला, चेंडू हातांतून सुटला आणि दोन्ही पायांमधून आत गेला. १-०.

आम्ही तीस जण तिनशे असल्यासारखे ओरडलो. त्यात गैर काही नव्हतं. पण नंतर आमच्या राखीव मुलांपैकी दोघांनी सुरू केलं, "भोपळा! भोपळा!" चेंडू त्या मुलाजवळ गेला की "भोपळा!" दोन लहान बहिणीही टाळ्या वाजवून म्हणू लागल्या. आणि आम्ही मोठी माणसं हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण हसलो. कितीतरी वेळाने आमची नजर शेजारी गेली. बाईंनी भडंगाची पुडी बांधून पिशवीत ठेवली होती आणि त्या समोर मैदानाकडे पाहत होत्या. खालाजानची तस्बीह हातात थांबली होती. त्या आमच्याकडे बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत.

उत्तरार्धात यजमानांनी एक कॉर्नर साधून बरोबरी केली. हलगी कडाडली. आता आमचा गोलरक्षक आमच्याच पायऱ्यांच्या बाजूला होता. कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, ते नाव ऐकून मागच्या पायरीवरून एका तरुणाने त्याला दुसऱ्या देशात जायला सांगितलं. एकदा, मग हसत दुसऱ्यांदा. आमच्या संघातली चार मुलं मुस्लिम नव्हती, ती सगळ्यांत आधी वळली. आम्ही मात्र सूचनांप्रमाणे ऐकलंच नाही असं बसलो. गोलमधल्या पोराने ऐकलं होतं. त्याचे कान लाल झालेले आम्हाला इतक्या लांबून दिसले.

शेजारच्या बाई उठल्या. मागे वळून म्हणाल्या, "काय रं, पोरगं हाय ते. खेळ बघाय आलाईस का भांडाय? बस खाली." आवाज फार मोठा नव्हता. तो तरुण काही पुटपुटला, पण वस्ताद म्हणून सगळे ज्यांना मान देत होते ते म्हातारे गृहस्थ काठी टेकत पायऱ्या चढू लागले, तेव्हा उठून निघून गेला. बाई पुन्हा खालाजानशेजारी बसल्या. त्यांच्या मुलाला अर्धा तास 'भोपळा' म्हणणारी माणसं त्यांच्या अवतीभवती बसलेली होती, आणि त्यांना ते माहीत होतं.

शेवटच्या पाच मिनिटांत यजमानांचा दुसरा गोल झाला. आम्ही २-१ने हरलो.

हिशेब आपला

मैदानाच्या नळावर वजू करून आम्ही कोपऱ्यात असरची नमाज पढलो. मग त्या दोन राखीव मुलांना बोलावलं आणि म्हटलं, गोलरक्षकाकडे जाऊन माफी मागून या. एकाने लगेच विचारलं, "त्यांनी पण बोललंच ना? जास्त वाईट बोलले."

प्रश्न खरा होता आणि त्याला टाळून चालणार नव्हतं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. एकाने मुलाच्या शरीरावर बोट ठेवलं, दुसऱ्याने त्याच्या या मातीतल्या असण्यावरच. दुसरी गोष्ट जास्त खोल जाते, हे आम्ही मुलांना सांगितलं. पण तिने पहिली पुसली जात नाही. त्या तरुणाचा हिशेब त्याच्याकडे, आमचा आमच्याकडे. सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची टिंगल करू नये, कदाचित तेच अधिक चांगले असतील, असं बजावलेलं आहे. हे आम्ही मदरशात आणि घरात किती वेळा शिकवलं असेल! पण ते पायऱ्यांवरही लागू होतं, असं कधी सांगितलं नव्हतं.

दोघं गेले. आम्ही थोडं मागे उभे होतो. मुलाने मान खाली घालून माफी मागितली. यजमानांचा गोलरक्षक हातमोजे काढत म्हणाला, "असू दे. गोलवर उभं ऱ्हायचं म्हंजे ऐकायचंच असतंय." मग आमच्या गोलरक्षकाकडे पाहून म्हणाला, "ह्यालाबी इचारा." दोघंही सोळाच्या आतली. त्यांना ऐकायची सवय झालेली आहे, हे ऐकून आम्हाला हरल्याहून जास्त वाईट वाटलं. बाईंना आम्ही काय बोलावं ते सुचेना. खालाजाननी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या पोरांचं चुकलं. आमचंही." बाई म्हणाल्या, "आजी, पोरं हायती." आणि पिशवीतली भडंगाची पुडी काढून लहान बहिणींना दिली.

परतीच्या गाडीत कोणी फार बोलत नव्हतं. सकाळच्या सूचना आम्हाला आठवत होत्या. इतरांनी आपल्याशी वाईट वागलं तर काय करायचं, हे आम्ही मुलांना नीट शिकवलं होतं. आपण कोणाशी वाईट वागलो तर काय, हे यादीत नव्हतंच. सावधगिरी शिकवली, अखलाक गृहीत धरले. जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या, पण दुसऱ्याच्या अंगणात कसं बसायचं ते सांगायचं राहिलं. आपण संख्येने कमी असतो तिथे आपला प्रत्येक शब्द जास्त लक्षात राहतो, असं लोक म्हणतात. आम्हाला वाटतं, कारण तेवढंच नाही. त्या मुलाची आई शेजारी बसलेली असते. मोठ्या गॅलरीत ती दिसत नाही, पण तिथेही असतेच.

पालकांना एवढंच सांगावंसं वाटतं : मुलांच्या सामन्याला जा, बाहेरगावच्या तर जाच. मुलींना न्या, आजीला न्या. आपल्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडा, पण समोरच्या मुलाचं रूप, रंग, अंगलट, नाव, जात आपल्या ओठांवर येऊ देऊ नका. आलं तर त्याच दिवशी, त्याच मैदानावर मिटवा. आणि मुलाला कोणी त्याच्या नावावरून बोललं तर ऐकलंच नाही असं दाखवून त्याला एकटं पाडू नका. रात्री त्याच्याशी बोला. आम्ही बोललो, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्या काकूंनी सांगितल्यावर बरं वाटलं. तुम्ही कोणीच का नाही उठलात?" याचं उत्तर आम्हाला त्या रात्री देता आलं नाही.

फेब्रुवारीत परतीचा सामना मिरजेत आहे. पाहुण्यांसाठी पाण्याचे माठ, सावलीत सतरंज्या आणि आमच्याच पोरांवर लक्ष ठेवायला दोन वडीलधारी माणसं, एवढं ठरलं आहे. कोणी वावगं बोललं तर या वेळी आधी उठायचं, तेही आम्हीच. त्या बाई येणार आहेत, असा निरोप आला आहे. त्यांच्यासाठी खुर्ची कुठे ठेवायची ते खालाजाननी ठरवलं आहे : स्वतःच्या शेजारी.